गरबावाली, हवामानवाली आणि उजवा कान

अमुक इतके अल्बम मरण्याआधी ऐकायलाच हवेत, असं सांगणाऱ्या लोकांचा मला राग येतो. इंटरनेटवर असल्या याद्यांना तोटा नाही. ब्लूज रॉक म्हटलं की ठरलेली नावं, ठरलेला क्रम आणि खाली एकमेकांच्या उरावर बसलेले हौशी लोक. म्हणे मरण्याआधी! माणूस मरेपर्यंत त्याचे कान शाबूत राहतील असं जणू यांना कुणी लिहून दिलंय. बहिरं होण्याआधी काय ऐकावं हे मात्र कुणी सांगत नाही. ते माझं मला ठरवावं लागलं, आणि त्यासाठी माझ्याकडे एकच कान होता, तोही मोडकळीला आलेला.

डावा कान लहानपणीच गेला. चिखल्याला आजोळी असताना गालगुंड झालं. ताप उतरला, गाल उतरला, कान मात्र कायमचा मिटला. घरात कुणी फार मनावर घेतलं नाही. 'एक आहे ना?' म्हणाले आणि कामाला लागले. शाळेतले मास्तर चेष्टा करायचे की याला एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडायची सोय नाही, जे जाईल ते आतच राहणार. मास्तरांचं बरोबर निघालं. उजव्या कानातून जे आत गेलं ते राहिलं, आणि त्यातलं निम्मं-अर्धं ब्लूज रॉक होतं.

डहाणूत हे खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं, असं लोक विचारतात. कॉलेजच्या वयात स्टेशन रोडवर कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. आपण कोरी कॅसेट न्यायची, दुकानदार रेकॉर्डवरून ती भरून द्यायचा. दुकानदार गुजराती, आम्ही त्याला शेठ म्हणायचो. इंग्रजी रेकॉर्डी त्याच्याकडे कुठून येत ते त्यानं कधी सांगितलं नाही. बोर्डीकडच्या कुणा चिकूवाडीवाल्याच्या असाव्यात असा आमचा अंदाज. मी पहिल्यांदा गेलो तो हिंदी सिनेमाची गाणी भरून घ्यायला. आत त्या वेळी एक गिटार चालू होती. ती वाजत नव्हती, हट्ट करत होती. मी शेठला म्हटलं, हिंदी राहू द्या, हेच द्या.

त्या शेठची एक रीत होती. अल्बम संपला आणि कॅसेटच्या बाजूला थोडी टेप उरली, तर तो ती कोरी ठेवत नसे. हाताशी जे असेल ते त्यात भरून टाकी. गरबा, भजन, कुणाच्या लग्नातली मंगलाष्टकं, काहीच नसलं तर समोर चालू असलेला रेडिओ. मी एकदा वैतागून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "अरे भाई, शेजाऱ्याचा भांडा तू रिकामा परत देते का? नाय ना? काय नाय तर चिमटीभर साखर टाकते. मग तुझा कॅसेट मी रिकामा कसा देऊ? बरकत जाते." आता यावर काय बोलणार? आमच्याही घरी रिकामं भांडं परत देत नसत.

वर त्याला इंग्रजी नावं लिहिण्याचा कंटाळा. कव्हरवर नुसतं 'इंग्लिस' आणि पुढे आकडा. त्यामुळे माझ्या घरात अल्बमना नावं पडली ती शेवटच्या त्या साखरेवरून. गरबावाली, मंगलाष्टकवाली, भजनवाली, हवामानवाली. खरी नावं कळली ती फार पुढे, मोबाइलवर सगळं मिळायला लागल्यावर. शेजारच्या पोराचं हजेरीपटावरचं नाव अचानक कळावं तसं वाटलं, आणि मी ती वापरली नाहीत. मोबाइलवर गरबावाली पहिल्यांदा पूर्ण ऐकली तेव्हा शेवटचं गाणं संपलं, टाळ्या विरल्या आणि पुढे काहीच आलं नाही. गरबा आला नाही! मला कुणीतरी दारातून तसंच परत पाठवल्यासारखं वाटलं.

तर गरबावाली. तिघांचं टोळकं, स्टेजवरचं रेकॉर्डिंग, दुसरी बाजू जवळजवळ एकाच गाण्याची. गिटारवाला एके ठिकाणी तार ओढून सूर वर चढवतो आणि तिथे धरून ठेवतो, इतका वेळ की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकावा. मग ऐकणाऱ्यांतला कुणीतरी खोकतो. तो खोकलाही मला पाठ आहे. जगात एकच अल्बम ऐकायचा तर हा, असं मी पंचवीसेक वर्षं सांगत आलो. मंगलाष्टकवाली गोऱ्या पोरांची. जुन्या काळ्या गायकांची गाणी त्यांनी शहाण्या विद्यार्थ्यांसारखी नीट, आदबीनं म्हटलेली. माउथ ऑर्गन तेवढा बिघडलेला, म्हणून तो चांगला. भजनवालीत एक बाई गाते. तिचं रडणं कुठं संपतं आणि भांडणं कुठं सुरू होतं ते कळत नाही. माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा ती ऐकून म्हणाली होती, "अहो, हिला कुणीतरी घसा दाखवायला सांगा."

हिला या संगीताचं कधीच काही वाटलं नाही. एखादा गायक आपलं घर कसं मागे सुटलं ते आळवू लागला की ही म्हणणार, "इतकं वाईट वाटतंय तर जात का नाही घरी?" मी समजावायला बसे. ही दोन मिनिटं ऐके आणि कुकर लावायला उठे. गाढवापुढे वाचली गीता, असं मी म्हणे, आणि मग त्या दिवशी जेवणात मीठ कमी असे. आमचं बरं चाललं होतं.

राहता राहिली हवामानवाली. ती मला कधी आवडलीच नाही. संथ, खालच्या पट्टीतली, गाणारा स्वतःशी पुटपुटल्यासारखा, गिटार बेताची, सगळा भार बास गिटारच्या जड घुमण्यावर आणि ड्रमवर. शेवटी रेडिओचा निवेदक सांगतो की वारे जोराचे आहेत, मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये. मी म्हणायचो, या अल्बममधला सगळ्यात जोशाचा भाग तोच आहे.

चाळिशी उलटली आणि उजवा कान कुरकुरायला लागला. आधी वरच्या पट्टीतल्या गोष्टी गेल्या. पहाटेचे पक्षी गेले, मोबाइलची घंटी गेली, कुकरची शिट्टी गेली. मशीन लावलं. मशीननं आवाज मोठा केला, पण जे नव्हतं ते कुठून आणणार? मी तलासरीला सरकारी कार्यालयात आहे, डहाणूहून रोज जाऊन-येऊन. खिडकीपलीकडे लोक मराठी बोलतात, गुजराती बोलतात, पाड्यांवरची माणसं त्यांच्या बोलीत बोलतात. मी सगळ्यांना सारखंच वागवू लागलो, सगळ्यांना "काय?" म्हणू लागलो. लोक बिचारे तीन-तीनदा सांगत. काही जण वैतागून निघून जात आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या खिडकीशी उभे राहत. ते मला दिसे.

पण मी खरा घाबरलो तो गरबावाली लावली त्या दिवशी. तारेची ती जागा जवळ आली, मी सवयीनं डोळे मिटले, आणि तिथे काही नव्हतं. ड्रम चालू, बास चालू आणि मधे मोकळं मैदान. मी कॅसेट मागे नेली. पुन्हा तेच. टेप खराब झाली असेल म्हणून मोबाइलवर लावली. तिथेही मैदान. ही घरात होती. मी विचारलं, तुला गिटार ऐकू येतेय का गं? तिनं मान हलवली, येतेय. मी खोलीत जाऊन पडलो. त्या दिवशी मला रडू आलं, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही.

मंगलाष्टकवालीतला माउथ ऑर्गन गेला. भजनवालीतली बाई आधी दूर गेली, मग भिंतीपलीकडे गेली. आणि जिला मी आयुष्यभर नावं ठेवली ती हवामानवाली तेवढी उभी राहिली. तिच्यात जाण्यासारखं फार नव्हतंच. बास चालत होता, जड पावलांनी चालणाऱ्या माणसासारखा, आणि त्या खालच्या पट्टीत गायक काय करतोय ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. तो पुटपुटत नव्हता. तो बासशी बोलत होता. मी रोज ती ऐकू लागलो. माझ्याच यादीत तळाला असलेला अल्बम वर आला, आणि याचा आनंद मानावा की शरम वाटून घ्यावी ते मला ठरवता येईना.

इकडे दुसरंच एक दुखणं वाढत होतं. बायको जवळच्या कैनाड गावच्या शाळेत शिक्षिका. दोन वर्ग एकाच खोलीत, पत्र्याचं छप्पर. दिवसभर तिथे ओरडायचं आणि घरी येऊन माझ्याशी ओरडायचं. चहा घेता का, हेही ओरडून. गॅस संपलाय, हेही ओरडून. शेजाऱ्यांना आमच्या घरातलं सगळं ठाऊक झालं होतं. भाजी कुठली केलीय ते त्यांना माझ्याआधी कळे. तिचा आवाज आधी संध्याकाळी बसायचा, मग दुपारी बसू लागला. पुढे पुढे सकाळी उठतानाच तो नसे. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, गुळण्या झाल्या. शेवटी माझ्या कानाच्या तपासणीला वापीला गेलो, तेव्हा त्याच डॉक्टरांना तिचा घसाही दाखवला.

डॉक्टर माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलतात, म्हणजे मला ओठांवरून कळावं. त्या दिवशी ते म्हणाले, "तुमच्या कानाचा आणि यांच्या घशाचा आजार एकच आहे." कुदळ मारणाऱ्याच्या तळव्याला घट्टे पडतात तशा तिच्या स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. काही आठवडे पूर्ण मौन. नंतर बोलायचं ते हळू आणि थोडं. पुन्हा असंच ओरडणं सुरू राहिलं तर हा आवाज राहणार नाही, मग शाळेत काय करणार ते तुम्हीच बघा.

मग माझी पाळी. मशीनचा उपयोग संपला होता. आता कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत शस्त्रक्रिया करून तार बसवायची आणि बाहेरून डोक्याला यंत्राची चकती चिकटवायची. डावा कान लहानपणापासून झोपलेला, तो आता नव्यानं काही शिकणार नाही. तेव्हा करायचं ते उजव्यात.

मी विचारलं, "आत्ता त्यात जे थोडं ऐकू येतं त्याचं काय?"

"ते बहुतेक जाईल. पण बोलणं कळेल. सरावानं चांगलं कळेल."

"आणि गाणं?"

डॉक्टरांनी क्षणभर हिच्याकडे पाहिलं. "गाण्याचं मी वचन देत नाही."

मी तिथल्या तिथे नाही म्हणालो. बसमधून परत येताना ही खिडकीबाहेर बघत होती. तिला बोलायची बंदी, त्यामुळे मला वाटलं की विषय संपला.

घरात जी शांतता आली तिची मला आजही भीती वाटते. एकाला ऐकू येत नाही, दुसरीनं बोलायचं नाही. मुक्या-बहिऱ्याचा संसार, असं मी हसून एकदोघांना सांगितलंसुद्धा. ही टेबलावर थाप मारून मला बोलावी. एक थाप म्हणजे इकडे बघा, दोन म्हणजे जेवायला या. भांडण करायलाही आवाज लागतो हे मला तेव्हा कळलं. पण तिनं ते तसंच केलं, ओठांनी. मी तिला म्हटलं, "तू बोलतेस ते मला तुझ्या ओठांवरून कळतं. गिटारला ओठ नसतात. मग मी काय सोडू, तूच सांग." तिनं माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि एकेक शब्द सुटा करून, बिनआवाजात म्हणाली, "आणि तुम्ही पाठ फिरवलीत की?"

मी हेडफोन लावले. उत्तर द्यायची वेळ आली की मी तेच करायचो.

पुढच्याच रविवारी मागच्या दारी पायरीवर बसलो होतो, सकाळच्या उन्हात. कानाला हेडफोन, हवामानवाली चालू, बासच्या ठेक्यावर पाय हलतोय. उठायचं म्हणून मी न बघता चप्पल चाचपायला पाय खाली सोडला. तेवढ्यात खांद्यावर काहीतरी इतक्या जोरात बसलं की मी कळवळलो. कुकरचं झाकण होतं ते. मी भडकून मागे वळलो. दारात ही उभी, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि हात माझ्या पायाकडे. चपलेच्या शेजारी फुरसं होतं, वेटोळं घातलेलं. फुरसं आमच्याकडे कुणाला नवीन नाही, म्हणूनच ते चावलं तर काय होतं हेही कुणाला नवीन नाही. मी पाय कसा वर घेतला ते आठवत नाही. शेजाऱ्यांनी काठीनं ते लांब रानात नेऊन सोडलं.

ही उंबऱ्यातच बसली होती. मौन मोडून ती किंचाळली होती, असं शेजारीण म्हणाली. पण किंकाळी बाहेर आलीच नव्हती, नुसती हवा आली होती. तिनं थुंकून पदराला तोंड पुसलं, तर पदराला लालसर ओल लागली. मग ती रडली. खांदे हलत होते तेवढे मला दिसले. माझी बायको माझ्यासमोर हमसून रडत होती आणि माझ्यापर्यंत त्यातलं काही येत नव्हतं. अख्खं गिटार संगीत वाचवायला निघालेला मी तिथे उघड्या पायांनी उभा होतो. त्याच दुपारी मी डॉक्टरांना होकार कळवला.

मुंबईची तारीख मिळाली. मधे काही आठवडे होते. मी रजा टाकली आणि घरात जाहीर केलं की आता मला सगळं ऐकून घ्यायचं आहे.

खरं सांगायचं तर सगळं असं उरलं नव्हतं. तरी मी एकेक कॅसेट काढली. हेडफोनला आता माझीच ना होती, उगाच कानाला ताण नको. ही सुट्टीवरच होती, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. तिनं स्पीकर उचलून लाकडी पलंगाच्या फळीवर टेकवला आणि मला त्या फळीला पाठ लावून बसवलं. बास पाठीतून यायला लागला. हे तिला कुणी शिकवलं होतं? शाळेत पोरं बाकाला कान लावून ठोकत बसतात, त्यावरून सुचलं असं तिनं खुणेनं सांगितलं. कॅसेटची बाजू तीच बदली, टेप अडकली की पेन्सिलीनं गुंडाळी. मग माझ्याशेजारी बसून तळहात फळीवर ठेवी. पंचवीस वर्षांत जिनं एक अल्बम धड पूर्ण ऐकला नाही, ती आता माझ्यासाठी ओळीनं ऐकत होती.

त्या दिवसांत मी जो निवाडा केला तो कुठल्याही यादीत सापडणार नाही. गरबावाली ज्याचे दोन्ही कान धड आहेत त्यानं ऐकावी, आणि त्यानंच ऐकावी. तिचं वैभव सगळं वर आहे, खाली पाया नाही. मंगलाष्टकवाली तरुणपणी ऐकावी, नंतर ती पाठांतरासारखी वाटते. भजनवाली कुणी एकट्यानं ऐकू नये. आणि हवामानवाली सगळ्यात शेवटी ऐकावी, सगळं जात असताना, कारण ती जाणाऱ्यासाठीच केली आहे असा माझा पक्का समज झाला आहे. तो अल्बम करणाऱ्यांना हे पटलं नसतं. पण त्यांना काय विचारायचंय?

मध्यंतरी तिचं मौन सुटलं होतं. रोज थोडं, हळू बोलायची परवानगी होती. स्वयंपाकघरात ती डॉक्टरांनी दिलेला घशाचा व्यायाम करी, तोंड मिटून गुणगुणल्यासारखा. मला तिचा गळा हलताना दिसे. हळू बोललेलं मला ऐकू येणार नव्हतं आणि मोठ्यानं बोलायचं नव्हतं, म्हणून मीच तिला सांगितलं की माझ्याशी बोलू नकोस, आवाज सांभाळ, माझं काम ओठांवर भागतंय. मी काळजीनं म्हटलं होतं. आजही मला तेच वाटतं.

मुंबईला निघायच्या आदल्या दुपारी हवामानवाली लावली. दुसरी बाजू संपत आली. पाठीतून बास येत होता आणि मी तो शेवटचा म्हणून ऐकत होतो. हिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि कानाजवळ तोंड आणून काहीतरी म्हणायला लागली. मी पंजा वर केला. थांब, एवढं संपू दे. ती थांबली. गाणं संपलं, निवेदकाची घरघर आली, मच्छीमारांनी जाऊ नये ते मी पाठांतरानं भरून घेतलं. मग तिच्याकडे वळून विचारलं, "काय म्हणत होतीस?" तिनं मान हलवली. काही नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. त्यानंतर यंत्र चालू करेपर्यंत जी शांतता होती तिच्यात बाससुद्धा नव्हता. यंत्र चालू केलं तेव्हा पहिल्यांदा चमच्यांचा डबा फरशीवर उपडा झाल्यासारखं झालं. तो माझ्या बायकोचा "ऐकू येतंय का हो?" होता. हळूहळू चमच्यांतून शब्द निघू लागले. काही महिन्यांत खिडकीपलीकडच्या एका म्हातारीची सगळी हकिगत मी एकदाही "काय?" न म्हणता ऐकली. ती उठून गेल्यावर मला तिथेच बसून राहावंसं वाटलं, इतका मी खूश होतो. घरी ओरडणं थांबलं. हिच्या घशातल्या गाठी उतरल्या. ती शाळेत माइक लावून शिकवते आणि घरी माझ्याशी बेतानं बोलते. केलं ते योग्य केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गाण्याचं डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. गरबावाली लावली तर पत्र्यावर खडी ओततंय कुणी. कुठला सूर वर, कुठला खाली, काही नाही. सरावानं थोडं सुधारेल म्हणतात. मी रोज थोडा वेळ बसतो आणि संतापून उठतो. पण मला एक शोध लागला. यंत्राची चकती काढून ठेवली, डोळे मिटले आणि मनात गरबावाली सुरू केली, की ती पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या टाळीपर्यंत सबंध वाजते. तारेची ती जागा येते, खोकला येतो, गरबा येतो. काहीही गेलेलं नाही. मला वाटलं, जिंकलो. ऑपरेशननं माझं काही नेलं नाही.

हे मी हिला सांगितलं, गेल्या सुट्टीत. वरोरहून आलेली कोलंबी ती मागच्या दारी सोलत होती. मी समोर बसून उत्साहानं सांगत सुटलो. तार कशी ओढतो, किती धरतो, सोडताना सूर कसा किंचित घसरतो, भजनवालीतली बाई कुठल्या शब्दावर फाटते. ती ऐकत होती. आता तिला ऐकायला आवडतं की माझ्यासाठी ऐकते, ते मला माहीत नाही.

"एवढं सगळं आठवतं तुम्हाला?"

"सगळं."

"आणि आत्ता माझा आवाज कसा येतो?"

मी खरं ते सांगितलं. "शब्द स्वच्छ येतात. पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. बाई बोलतेय की पुरुष, तेही बघितल्याशिवाय कळत नाही."

ती हसली. हसणं खरवडल्यासारखं आलं. मग हातातली कोलंबी तिनं ताटलीत ठेवली आणि विचारलं, "आणि आधी कसा होता?"

मी सांगायला तोंड उघडलं. तिनं मला काय काय म्हटलं होतं ते सगळं समोर आलं, चहा, गॅस, घसा दाखवायला सांगा, इतकं वाईट वाटतंय तर जात का नाही घरी. शब्द सगळे होते. मी डोळे मिटून पाहिले. चकती काढून पाहिली. पुन्हा लावली. समोर ती हात न धुता तशीच बसली होती, वाट बघत, आणि मला सांगता येईना.